भास्कराचार्य द्वितीय

भास्कराचार्य द्वितीय (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. सिद्धांतशिरोमणी आणि करणकुतूहल हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. सिद्धांतशिरोमणीचे लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे चार भाग असून त्यांपैकी पहिले दोन भाग स्वतंत्र ग्रंथ म्हणूनही प्रसिद्ध आहेत. सातव्या शतकात होऊन गेलेल्या याच नावाच्या दुसऱ्या गणितज्ञापासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांच्या नावापुढे द्वितीय असे लावतात.

लीलावतीतील रंजक उदाहरणांमुळे आणि अनिर्णित समीकरणांच्या चक्रवाल पद्धतीमुळे भास्कराचार्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या मानाने त्यांचे त्रिकोणमितीतील कार्य सामान्य वाचकांस कमी परिचित आहे. गोलाध्यायाच्या शेवटी जोडलेल्या ज्योत्पत्ती या छोट्या प्रकरणात त्यांनी वर्तुळाच्या सममितीचा आधार घेऊन निरनिराळ्या कोनांच्या ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइनच्या किमती, अचूक रीतीने काढण्याचे नियम दिले. कोष्टकावर विसंबून न राहता कोष्टक मुळातून कसे तयार होते हे सांगणारे हे प्रकरण भारतीय त्रिकोणमितीच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

कुळ व जन्मस्थान

भास्कराचार्यांनी गोलाध्यायाच्या अखेरीस स्वतःविषयी थोडी माहिती दिली आहे. त्यांचे गोत्र शांडिल्य होते. सह्याद्रीच्या आश्रयास असलेल्या विज्जडविड नामक नगरात त्यांचे कुटुंब राहत असे. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू होते. आपला जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला, असे ते नमूद करतात. यावरून ग्रंथाचे वर्ष शके १०७२, म्हणजे इ.स. ११५० ठरते.

विज्जडविड म्हणजे आजचे कोणते गाव याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काहींनी कर्नाटकातील विजापूर, काहींनी बीड, तर काहींनी चाळीसगावजवळील पाटण अथवा त्याचा परिसर सुचविला आहे. घराण्याचा पाटणशी असलेला संबंध मात्र शिलालेखाने सिद्ध झालेला आहे. भास्कराचार्य उज्जैन येथील वेधशाळेचे प्रमुख होते, असे विधान अनेक पुस्तकांत आढळते; परंतु त्यांनी स्वतः दिलेल्या वृत्तांतात त्याला आधार नाही.

पाटण येथील शिलालेखात या घराण्याची वंशावळ दिली आहे. त्रिविक्रम हे मूळपुरुष होत. त्यांचे पुत्र भास्करभट्ट यांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर अशा पिढ्या होऊन महेश्वरांचे पुत्र भास्कराचार्य झाले. विद्या घरातच पित्याकडून पुत्राकडे जात असल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

सिद्धांतशिरोमणी

लीलावतीत अंकगणित, क्षेत्रमापन, श्रेढी, कुट्टक आणि अंकपाश हे विषय आहेत. बीजगणितात धन-ऋण संख्या, शून्य, करणी, वर्गसमीकरणे आणि वर्गप्रकृती यांचे विवेचन आहे. एखाद्या वर्गाची ६१ पट करून तीत १ मिळविल्यास पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या शोधण्याचा प्रश्न याच ग्रंथात चक्रवाल पद्धतीने सोडविला आहे. त्याचे लहानात लहान उत्तर २२,६१,५३,९८० इतके मोठे आहे. युरोपात हाच प्रश्न सतराव्या शतकात गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून मांडला गेला.

ग्रहगणित आणि गोलाध्याय हे दोन भाग ज्योतिषाचे आहेत. ग्रहगणितात ग्रहांची स्थाने, ग्रहणे, उदयास्त इत्यादी काढण्याच्या रीती आहेत, तर गोलाध्यायात त्या रीतींची कारणे आहेत. नुसती रीत पाठ असणारा गणक आणि तिची उपपत्ती जाणणारा गणक यांत भास्कराचार्य स्पष्ट भेद करतात. ग्रंथावर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य नावाची टीका लिहिली. वासना या शब्दाचा येथील अर्थ उपपत्ती असा आहे.

गोलाच्या पृष्ठफळाचे विवेचन या दृष्टीने वाचनीय आहे. गोलाचे पृष्ठफळ मध्यवर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते हे सांगताना त्यांनी चेंडूवरील जाळीचा दाखला दिला आहे. तसेच आवळ्याच्या फोडींप्रमाणे गोलाचे उभे भाग कल्पून, ज्यांची बेरीज करून ते फळ सिद्ध केले आहे. लल्ल या पूर्वीच्या आचार्यांनी मध्यवर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणण्याचा जो नियम दिला होता, तो चुकीचा असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

ज्योत्पत्ती

ज्या हा शब्द धनुष्याच्या दोरीवरून आला आहे. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य अथवा चाप, त्याची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे दोरी अथवा जीवा, आणि मध्यभागी तिच्यावर टेकलेला बाण म्हणजे शर. गणितात पूर्ण दोरीऐवजी तिचा अर्धा भाग अधिक उपयोगी पडतो, म्हणून अर्धज्येलाच ज्या म्हणण्याचा प्रघात पडला. एखाद्या कंसाची ज्या, त्याच्या कोटीची म्हणजे ९० अंशांतून तो कंस वजा करून उरलेल्या कंसाची ज्या, आणि शर यांना अनुक्रमे ज्या, कोटिज्या आणि उत्क्रमज्या अशी नावे आहेत. जीवा हा शब्द अरबीत गेला, तेथे त्याचे वाचन बदलले, आणि त्या बदललेल्या शब्दाच्या लॅटिन भाषांतरातून आजचा साइन हा शब्द आला.

भारतीय ज्योतिषात ज्या हे गुणोत्तर नसून लांबी असते. वर्तुळाच्या परिघाचे २१,६०० कला असे भाग मानले की त्रिज्या सुमारे ३४३८ कला येते. म्हणून ज्येला ३४३८ ने भागले की आजची साइनची किंमत मिळते. आर्यभटांच्या काळापासून २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या अंतराने २४ ज्या देण्याची परंपरा होती. भास्कराचार्यांनीही ग्रहगणितात अशा २४ ज्या दिल्या आहेत. परंतु गोलाध्यायाच्या अखेरीस ते त्यांच्या निर्मितीकडे वळतात. ज्योत्पत्ती जाणल्यानेच गणक आचार्य या पदास पात्र होतो, अशी त्यांची धारणा होती.

चार पदे आणि सममिती

वर्तुळाचे ९० अंशांचे चार भाग केले असता प्रत्येकास पद म्हणतात. पहिले व तिसरे पद विषम, दुसरे व चौथे सम. विषम पदात कोनाचा जो भाग ओलांडला गेला तो भुज घ्यावा आणि सम पदात जो भाग ओलांडायचा उरला तो भुज घ्यावा, असा नियम आहे. त्या भुजाची ज्या काढली की तीच त्या मूळ कोनाची ज्या होय. ती धन की ऋण हे मात्र कोन पहिल्या सहा राशींत आहे की तुळेपासूनच्या सहा राशींत आहे यावरून ठरते.

आजच्या विद्यार्थ्याला हाच नियम साइनच्या आलेखात दिसतो. शून्यापासून निघालेली वक्ररेषा ९० अंशांवर सर्वांत उंच जाते आणि ९० अंशांवरील उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंस आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे सारखी असते. म्हणून १८ अंश व १६२ अंश यांच्या ज्या समान असतात. १८० अंशांच्या बिंदूभोवती आलेख अर्ध्या फेऱ्याने फिरविला तर तो स्वतःवरच बसतो. म्हणून १९८ व ३४२ अंशांच्या ज्या तेवढ्याच परंतु ऋण असतात. अशा रीतीने एका १८ अंशांच्या किमतीत चार कोनांच्या किमती सामावतात, आणि सबंध वर्तुळासाठी केवळ पहिल्या पदाचे कोष्टक पुरेसे होते.

भास्कराचार्यांनी आलेख काढलेला नाही; अक्षांवर वक्ररेषा काढण्याची कल्पना पुष्कळ नंतरची आहे. त्यांच्या हाती वर्तुळ होते आणि आलेखातील सर्व सममिती मूळ त्या वर्तुळाच्याच आहेत. पहिल्या पदाच्या आतही आणखी एक सममिती आहे. ४५ अंशांची रेषा आरसा मानली तर भुज आणि कोटी यांची अदलाबदल होते. ज्येची कोटिज्या आणि कोटिज्येची ज्या होते. त्यामुळे ४५ अंशांपर्यंतच्या ज्या व कोटिज्या कळल्या की पुढचे निराळे गणित उरत नाही.

अचूक किमती

वर्तुळात काढलेल्या समषट्कोनाची बाजू त्रिज्येइतकी असते. तिचा अर्धा भाग म्हणजे ३० अंशांची ज्या. ती त्रिज्येच्या निम्मी, १७१९ कला, येते. समचौकोनावरून ४५ अंशांची ज्या मिळते. तिचा वर्ग त्रिज्येच्या वर्गाच्या निम्मा असतो. ज्या आणि कोटिज्या यांच्या वर्गांची बेरीज त्रिज्येच्या वर्गाइतकी असल्याने ३० अंशांवरून ६० अंशांची ज्या निघते.

यापुढे भास्कराचार्य समपंचकोन व समदशकोन यांवरून मिळणाऱ्या किमती देतात. ३६ अंशांच्या ज्येसाठी त्रिज्येच्या वर्गाच्या पाचपटीतून, त्रिज्येच्या चतुर्घाताच्या पाचपटीचे वर्गमूळ वजा करावे, बाकीस आठने भागावे आणि भागाकाराचे वर्गमूळ घ्यावे. व्यवहारासाठी त्रिज्येला ५८७८ ने गुणून १०,००० ने भागण्याची सोपी रीतही ते देतात. दोन्ही रीतींनी उत्तर सुमारे २०२१ कला येते. १८ अंशांच्या ज्येचा नियम त्याहून सुटसुटीत आहे. त्रिज्येच्या वर्गाच्या पाचपटीचे वर्गमूळ घ्यावे, त्यातून त्रिज्या वजा करावी आणि बाकीस चारने भागावे. त्रिज्या ३४३८ घेतल्यास वर्गमूळ सुमारे ७६८७.६ येते, वजाबाकी ४२४९.६ उरते आणि ज्या १०६२.४ कला मिळते.

पुढची पायरी अर्धकोनाची आहे. कोनाची उत्क्रमज्या आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या निमपटीचे वर्गमूळ म्हणजे अर्ध्या कोनाची ज्या. ही रीत वराहमिहिरांच्या पंचसिद्धांतिकेपासून ज्ञात होती. तीस ४५ अंशांच्या सममितीची जोड दिली की २४ ज्यांचे सबंध कोष्टक तयार होते. ३० अंश ही आठवी ज्या. तिचे अर्ध करीत गेल्यास चौथी, दुसरी व पहिली ज्या मिळते. चौथीची कोटिज्या विसावी. तिच्या अर्धाने दहावी व पाचवी. दुसरीची कोटिज्या बाविसावी. तिच्या अर्धाने अकरावी. दहावीची कोटिज्या चौदावी. तिच्या अर्धाने सातवी. पाचवी, सातवी व अकरावी यांच्या कोटिज्यांनी एकोणिसावी, सतरावी व तेरावी, तर पहिलीच्या कोटिज्येने तेविसावी मिळते. ४५ अंशांच्या बाराव्या ज्येवरून सहावी व तिसरी, त्यांच्या कोटिज्यांनी अठरावी व एकविसावी, आणि अठराव्या ज्येवरून नववी व पंधरावी मिळते. ६० अंशांची सोळावी आणि त्रिज्या हीच चोविसावी असल्याने एकही ज्या बाहेर राहत नाही. सारे काम आळीपाळीने अर्ध करणे आणि प्रतिबिंब घेणे एवढ्यावर होते.

४५ अंशांच्या आरशाचा उपयोग करणारा आणखी एक नियम भास्कराचार्यांनी दिला. ज्या आणि कोटिज्या यांच्या फरकाचा वर्ग करून त्याचे अर्ध करावे आणि वर्गमूळ घ्यावे. म्हणजे भुज व कोटी यांच्या अंतराच्या निम्म्या कोनाची ज्या मिळते. भुज ३० आणि कोटी ६० असल्यास अंतराचे अर्ध १५ होते. २९७७ मधून १७१९ वजा केल्यास १२५८ उरतात आणि नियमाने ज्या सुमारे ८९० कला येते. कोष्टकातील चौथी ज्या हीच आहे.

भावना

दोन कोनांच्या ज्या ठाऊक असता त्यांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या काढण्याचा नियम हा या प्रकरणाचा कळस होय. पहिल्या कोनाच्या ज्येला दुसऱ्याच्या कोटिज्येने आणि दुसऱ्याच्या ज्येला पहिल्याच्या कोटिज्येने गुणावे. दोन्ही गुणाकारांस त्रिज्येने भागून बेरीज केल्यास कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकी केल्यास कोनांच्या अंतराची ज्या मिळते. यांना त्यांनी समासभावना आणि अंतरभावना अशी नावे दिली. भावना हा शब्द वर्गप्रकृतीच्या गणितातून आला आहे. तेथेही दोन जोड्यांचा असाच तिरकस गुणाकार करावा लागतो.

या नियमामुळे अचूक किमतींचे क्षेत्र वाढले. ३० चे अर्ध १५ आणि दशकोनाचे १८, यांची अंतरभावना केली की ३ अंशांची ज्या मिळते. मग ३ अंशांच्या अंतराने ९० अंशांपर्यंतच्या सर्व ज्या केवळ वर्गमुळांच्या साहाय्याने काढता येतात. ३ अंशांची ज्या १७९.९ कला, म्हणजे जवळजवळ तिच्या १८० कलांच्या कंसाइतकीच येते.

यापुढे मात्र वाट अडते. ३ अंशांचे तीन समान भाग करून १ अंशाची ज्या काढावयाची तर घनसमीकरण सोडवावे लागते. वर्गमुळे कितीही वेळा घेतली तरी हे काम होत नाही, याची सिद्धता १८३७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ वाँत्सेल यांनी दिली. भास्कराचार्यांनी येथे अचूकतेचा आग्रह सोडून १ अंशाची ज्या ६० कला घेतली आणि एकेका अंशाने पुढे सरकण्याचा नियम दिला. ज्येतून तिचा ६५६९ वा भाग वजा करावा आणि कोटिज्येच्या दहापटीस ५७३ ने भागून येणारी संख्या तीत मिळवावी. म्हणजे पुढच्या अंशाची ज्या मिळते. याने ९० ज्यांचे कोष्टक तयार होते. २२५ कलांच्या पायरीसाठी याच धर्तीवर ४६७ वा भाग आणि कोटिज्येची १०० पट भागिले १५२९ असा नियम आहे. दोन्ही नियम समासभावनेचीच विशेष रूपे असून त्यांतील अपूर्णांक आजच्या किमतींशी अत्यंत निकट आहेत. कोणती किंमत अचूक आणि कोणती आसन्न, हे या प्रकरणात वाचकाला कळत राहते.

ज्योतिषातील उपयोग

ज्यांचे हे गणित निव्वळ बौद्धिक कुतूहलापोटी केलेले नव्हते. ग्रहाचे स्पष्ट स्थान, ग्रहणाची वेळ, दिनमान या सर्वांत ज्या लागते आणि तिच्यातील चूक अंतिम उत्तरात उतरते. दिनमानाचे उदाहरण घेता येईल. अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर हे गाव सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळे उंचीच्या शंकूची तेथील छाया, म्हणजे पलभा, सुमारे ४.१३ अंगुळे येते. प्राचीन ज्योतिषात सूर्याची परम क्रांती २४ अंश मानीत. त्यावरून कर्कसंक्रमणाच्या दिवशी पारनेरचे चर सुमारे ८८ पळे येते, म्हणजे अर्धा दिवस १५ घटींऐवजी १६ घटी २८ पळांचा होतो. पूर्ण दिनमान ३२ घटी ५६ पळे, म्हणजे सुमारे १३ तास १० मिनिटे होते. वातावरणातील वक्रीभवनामुळे प्रत्यक्ष दिवस काही मिनिटांनी मोठा दिसतो.

येथेही सममिती कामास येते. कर्कसंक्रमणाच्या आधी व नंतर समान अंतरावरील दिवसांचे दिनमान सारखे असते. ज्येच्या आलेखातील ९० अंशांवरचा आरसा तो हाच. तुळेपासून चर ऋण होते आणि मकरसंक्रमणाच्या दिवशी रात्र नेमकी ३२ घटी ५६ पळांची होते. म्हणून चौथ्या हिश्श्याच्या वर्षाचे गणित केले की वर्षभराचे दिनमान हाती येते.

ग्रहाची तात्कालिक गती काढताना भास्कराचार्यांनी ज्येच्या वाढीचे मान कोटिज्येच्या प्रमाणात असते हे तत्त्व वापरले. मुंजालांच्या ग्रंथात त्याचे पूर्वरूप आढळते. ज्या परमावस्थेस पोहोचते तेथे तिची वाढ थांबते आणि गतीतील फरक शून्य होतो, हेही त्यांनी सांगितले आहे. चलनकलनातील मूलभूत कल्पनेशी याचे असलेले साम्य आधुनिक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

करणकुतूहल : अचूकता आणि सुलभता

शके ११०५, म्हणजे इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी भास्कराचार्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. पंचांग करणाऱ्यांना थोडक्या श्रमात गणित करता यावे, हा करणग्रंथांचा हेतू असतो. सिद्धांतशिरोमणीतही त्यांनी मोठ्या ज्यांच्या जोडीला लघुज्या दिल्या होत्या. त्यांत त्रिज्या १२० असून १० अंशांच्या अंतराने २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५ आणि २ अशी नऊ खंडे आहेत. त्यांची बेरीज १२० होते. पहिली तीन खंडे मिळविली की ३० अंशांची ज्या ६० येते आणि ती तंतोतंत बरोबर आहे. अचूक रीत जाणणाऱ्याच गणकाने सोयीची रीत तयार केली असल्याने तिच्यातील चूक किती हे त्याला ठाऊक होते.

पुढील काळात सुलभतेचे पारडे जड झाले. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ.स. १५२० मध्ये रचलेल्या ग्रहलाघवात ज्या-चापांचे गणित संपूर्णपणे टाळले आणि तरीही उपयुक्त उत्तरे मिळविली. महाराष्ट्रातील पंचांगे कित्येक पिढ्या या ग्रंथावर चालली. स्वतः गणेश दैवज्ञ उपपत्ती जाणणारे होते, लीलावतीवरील त्यांची बुद्धिविलासिनी ही टीका (इ.स. १५४५) त्याची साक्ष देते. मात्र ग्रहलाघवावरून पंचांग करणाऱ्या सामान्य जोशाला ज्योत्पत्तीची गरज उरली नाही आणि तिचे अध्ययन थोड्या विद्वान घराण्यांपुरते राहिले.

पाटणचा मठ

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून चांगदेवांनी पाटण येथे मठ स्थापन केला. तेथील स्थानिक अधिपती निकुंभ वंशातील सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी मठास दाने दिली. श्रावण पौर्णिमेस चंद्रग्रहणाच्या वेळी दिलेल्या दानाचा उल्लेख शिलालेखात असून त्याचे वर्ष इ.स. १२०७ ठरते. लेख संस्कृतात असला तरी अखेरच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. मठाला मिळावयाचे धान्याचे आणि घाण्याच्या तेलाचे वाटे तेथील लोकांना समजतील अशा भाषेत नोंदविले गेले, त्यामुळे मराठी भाषेच्या इतिहासातही या लेखाला स्थान आहे.

हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे शके ११४४ चा दुसरा लेख आहे. तो भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचे नातू अनंतदेव यांचा असून अनंतदेवही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. पाटणचा मठ आज अस्तित्वात नाही. पाटणादेवीच्या परिसरातील शिलालेख तेवढा त्याच्या कार्याची खूण म्हणून उरला आहे.

लीलावतीची आख्यायिका

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती. घटिकापात्रात मोती पडल्याने तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी वडिलांनी ग्रंथाला तिचे नाव दिले, अशी कथा प्रसिद्ध आहे. फैजी याने अकबराच्या आज्ञेने १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत ही कथा येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत अथवा घराण्याच्या शिलालेखांत तिला दुजोरा मिळत नाही. ग्रंथातील उदाहरणे अनेकदा एखाद्या तरुणीला उद्देशून असली, तरी ती काव्यातील रूढ संबोधने असू शकतात.

टीका, भाषांतरे व अभ्यास

सिद्धांतशिरोमणीवर अनेक टीका झाल्या. त्यांत नृसिंह दैवज्ञांचे वासनावार्तिक (१६२१) आणि मुनीश्वरांची मरीची (१६३८) या विशेष उल्लेखनीय आहेत. मूळ गोदाकाठच्या गोलग्राम येथील आणि पुढे काशीस स्थायिक झालेल्या घराण्यातील कमलाकर यांनी १६५८ मध्ये सिद्धांततत्त्वविवेक लिहिला. त्यात त्यांनी भावनेच्या नियमांचे श्रेय भास्कराचार्यांना देऊन त्यांच्या उपपत्ती मांडल्या आणि कोनाच्या तिप्पट, पाचपट इत्यादींच्या ज्यांचे नियम त्यांवरून काढले. पाटणच्या मठानंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी ज्योत्पत्तीचा धागा अशा रीतीने पुढे गेला.

बीजगणिताचे फारसी भाषांतर अताउल्ला रशिदी याने १६३४ मध्ये केले. जॉन टेलर यांनी केलेले लीलावतीचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत छापले गेले, तर कोलब्रुक यांनी लीलावती व बीजगणित यांचे भाषांतर १८१७ मध्ये प्रसिद्ध केले. लान्सलॉट विल्किन्सन यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर महाराष्ट्रीय पंडित बापूदेव शास्त्री यांनी तपासून १८६१ मध्ये प्रकाशात आणले. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या भारतीय ज्योतिःशास्त्र (१८९६) या ग्रंथात भास्कराचार्यांच्या कार्याचा साक्षेपी परामर्श आहे. ना. ह. फडके यांचे लीलावती पुनर्दर्शन (१९७१) हे पुस्तकही विद्यार्थ्यांना उपयुक्त आहे.

स्मृती

७ जून १९७९ आणि २० नोव्हेंबर १९८१ रोजी अवकाशात सोडलेल्या भारताच्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव देण्यात आले. पुणे येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था गणिताच्या अध्ययनाला व संशोधनाला वाहिलेली आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणादेवी हे स्थळ गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात असून गणिताचे अभ्यासक तेथे आवर्जून भेट देतात. शालेय त्रिकोणमितीत शिकविली जाणारी ३०, ४५ व ६० अंशांची किंमत, कोटिकोनाचा संबंध, चार चरणांतील चिन्हांचा नियम आणि कोनांच्या बेरजेचे सूत्र या सर्व गोष्टी सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या या आचार्यांच्या ज्योत्पत्तीत एकत्र आलेल्या आहेत.